शेतातला युरिया गाडीच्या टाकीत नको

‘बीएस-६ डिझेल गाडीला डीईएफ विकत कशाला? गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून ओता, काम तेच,’ असा निरोप ट्रकवाल्यांत आणि ट्रॅक्टरवाल्यांत फिरतोय. तो चुकीचा आहे. डीईएफ म्हणजे ‘डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड’, गाडीचा धूर स्वच्छ करायला धुराड्यात फवारलं जाणारं द्रावण; त्याची टाकी डिझेलच्या टाकीपेक्षा वेगळी असते. आणि बीएस-६ हा गाडीच्या धुराबाबतचा सरकारी निकष.

डीईएफमध्ये युरिया असतो, हे खरं. पण तो अतिशुद्ध, नेमका ३२.५ टक्के, बाकी क्षारमुक्त पाणी. धुराड्यातल्या उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि कॅटॅलिस्टमध्ये (धूर शुद्ध करणारा भाग) त्या अमोनियामुळे धुरातल्या प्रदूषक नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि वाफेत रूपांतर होतं. शेतीचा युरिया २०१५पासून निंबोळी तेलाचा लेप देऊनच येतो. बादलीत कालवून बघा, पाणी गढूळ दिसतं. खरं डीईएफ पाण्यासारखं नितळ असतं. हा लेप आणि बोअरच्या पाण्यातले क्षार डीईएफ फवारणाऱ्या नळीच्या बारीक छिद्रात बसतात, पांढरा थर धरतो, पुढे कॅटॅलिस्टच निकामी होतो. तो बदलायचा खर्च विचारा एकदा मेकॅनिकला! शिवाय अनुदानाचं खत असं वापरणं बेकायदा आहे.

आणि निळ्या झाकणाचं डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत पडलं, तर चावीसुद्धा फिरवू नका. आधी टाकी रिकामी करून घ्या.