साखर तोडली म्हणून गाठ उपाशी मरत नाही

यंदा चवथीला आत्याने ताटातली नेवरी (करंजी) बाजूला सारली. मग भात, मग केळंही. गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात तिची केमो चालू आहे, तोंडाला चव नसेल असं वाटलं. विचारलं तर तिने फोनच पुढे केला. तो निरोप तुम्हालाही आला असेल: 'साखर हे कॅन्सरचं अन्न. याच शोधाबद्दल ऑटो वॉरबर्गना १९३१ साली नोबेल मिळालं. पेट स्कॅनला साखर टोचतात आणि गाठ चमकते, हाच पुरावा. साखर, भात, फळं बंद करा, गरम पाण्यात लिंबू घ्या. गाठ उपाशी मरेल.' तीन आठवड्यांत आत्याचं वजन चार किलो उतरलं होतं.

नोबेलचं आधी. जर्मन शास्त्रज्ञ वॉरबर्गना ते मिळालं पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमच्या शोधासाठी. कॅन्सरच्या पेशी प्राणवायू असतानाही ग्लुकोज आंबवून लॅक्टिक आम्ल बनवतात, हे निरीक्षण त्यांचंच, १९२०च्या दशकातलं आणि खरं. पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष, की या पेशींचं श्वसनच बिघडलेलं असतं, पुढे टिकला नाही. बहुतेक गाठींतल्या पेशींचे मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे हे श्वसन करणारे पेशीतले भाग, चालू असतात. आणि मिठाई सोडा, गाठ जाईल, हा उपचार त्या निरीक्षणातून निघत नाही.

पेट स्कॅनचा मुद्दा भल्याभल्यांना पटतो. स्कॅनला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेला, ग्लुकोजसारखा पदार्थ अगदी कणभर टोचतात. तो गाठीत साठतो, हे खरंच. पण त्याच चित्रात मेंदूही लखलखत असतो, प्रत्येकाचा, निरोगी माणसाचासुद्धा. क्षयाची सुजलेली गाठही चमकते. उलट प्रोस्टेटचे कित्येक कॅन्सर त्यात जेमतेम दिसतात. चमक एवढंच सांगते की तिथल्या पेशी ग्लुकोज भराभर ओढतात. ते ग्लुकोज नेवरीतून आलं की यकृतातून, हे चमक सांगत नाही.

आणि खरी गोम यकृतातच आहे. मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. रक्तातल्या तांबड्या पेशींना तर मायटोकॉन्ड्रियाच नसतात, त्या केवळ ग्लुकोजवर जगतात. म्हणून तुम्ही तोंडावाटे साखर घेतली नाही तरी शरीर रक्तातली पातळी खाली जाऊ देत नाही. आधी यकृतातला साठा वापरतं, तो संपला की स्नायूंमधलं प्रथिन मोडून यकृत नवं ग्लुकोज तयार करतं. गाठ त्याच रक्तातून आपला वाटा उचलते. शिवाय ती ग्लुटामाइनवर (प्रथिनांतल्या एका अमिनो आम्लावर) आणि चरबीवरही भागवते. म्हणजे गाठीला उपास घडतच नाही. झिजतात आत्याचे दंड आणि मांड्या. वजन आणि ताकद घटली की केमो सोसत नाही, कधी मात्रा कमी करावी लागते, कधी पुढची तारीख लांबते. या निरोपाचा मला राग येतो तो इथे.

कमी कर्बोदकांच्या आहारावर संशोधन चालू आहे, पण ते उपचारांच्या जोडीने आणि देखरेखीखाली. त्याने गाठ बरी होते असं सिद्ध झालेलं नाही.

लिंबाने रक्त अल्कधर्मी होतं म्हणे. रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचं माप) ७.३५ ते ७.४५ मध्ये फुप्फुसं आणि मूत्रपिंडं धरून ठेवतात, लिंबू तो हलवत नाही. केमोने तोंड आलेलं असताना ते झोंबतं मात्र भयंकर.

निरोपात एक गोष्ट बरोबर आहे: आपण गोड फार खातो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्या देशात गोव्यातच सर्वाधिक निघालं, २६.४ टक्के. लठ्ठपणाने निदान १३ प्रकारच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तेव्हा धडधाकट माणसाने साखर जरूर आवरावी, आणि मधुमेही रुग्णाने डॉक्टरांना विचारून. पण ही सवय पुढचा धोका कमी करायची. झालेल्या गाठीवरचा तो उतारा नव्हे.

आत्याला मधुमेह नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी तिला सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात-हुमण (माशांची आमटी), रोज एक अंडं असं लिहून दिलंय. दीड किलो परत आलंय. निरोप पाठवणाऱ्या शेजारच्या काकींसमोर बसून मी हे सगळं सांगितलं. त्यांनी तो तिच्यावरच्या मायेपोटीच पाठवला होता. 'मला लिहून दे,' म्हणाल्या, 'ज्या तीन ग्रुपवर मी तो टाकला, तिथे हेही टाकते.'