२८ सेकंद आणि साडूंची गाडी

गेल्या रविवारी डोंबिवलीत भाच्याची मुंज होती. बटू बिचारा धुराने डोळे चोळत होता आणि मागच्या खुर्च्यांवर आमचे थोरले साडू बुंदीचा लाडू हातात धरून बास्केटबॉलवाला रे ॲलन झाले होते.

"असा उलटा पळत गेला कोपऱ्यात! खाली बघितलंसुद्धा नाही! आणि सोडला!"

लाडू एका आजीच्या पदरात पडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "साडूभाऊ, तुम्ही कुठे बघितलंत?" तेवढ्यात बायकोने दंडाला चिमटा काढला. काळानिळा डाग अजून आहे.

१८ जून २०१३. मायामी हीट विरुद्ध सॅन अँटोनियो स्पर्स, एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या फायनलचा सहावा सामना. चार सामने जिंकेल त्याचा करंडक, आणि स्पर्स मालिकेत ३-२ ने पुढे. मी तेव्हा ऑफिसच्या कामासाठी फ्लोरिडात, साडूंकडे मुक्कामाला. तिकिटं माझ्या पैशांची, गाडी त्यांची. सगळं दुखणं या वाटणीत आहे.

शेवटची २८ सेकंदं उरली होती, स्पर्स ९४, हीट ८९. सुरक्षारक्षक मैदानाभोवती पिवळे दोर आणायला लागले होते, म्हणजे स्पर्सच्या करंडकाची तयारीच. साडू उठले.

"चला, गाडी काढू. नंतर अडकते."

"अहो, २८ सेकंद राहिलीत!"

"म्हणूनच म्हणतोय. २९ व्या सेकंदाला सगळे उठणार."

आता हे साडूंचंच असं नाही. नाटकात शेवटच्या प्रवेशाला खुर्च्यांचा फटाफट आवाज करत उठणारे हेच. विमान थांबायच्या आत मान वाकडी करून उभे राहणारे हेच. एवढी घाई करून वाचवलेल्या वेळाचं ही माणसं पुढे करतात काय, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. साडू घरी जाऊन टीव्ही लावतात.

जिन्यात असताना वर मोठा गलका झाला. साडू म्हणाले, "निरोप देतायत. हरले तरी सभ्य लोक आहेत." तो हीटच्या लेब्रॉन जेम्सचा थ्री-पॉइंटर होता, म्हणजे लांबून मारलेली तीन गुणांची बास्केट. पुढे स्पर्सच्या कवाय लेनर्डने दोनपैकी एक फ्री थ्रो (फाउलवर मिळणारा एका गुणाचा शॉट) घालवला, लेब्रॉनचा पुढचा नेम चुकला, हीटच्याच क्रिस बॉशने परत उसळलेला चेंडू पकडून कोपऱ्यात दिला आणि ५.२ सेकंदं शिल्लक असताना रे ॲलनने तिथून तीन गुण मारून ९५-९५ केले. हा गडी म्हणे सरावात जमिनीवर आडवा पडायचा, उठायचा, उलटा कोपऱ्यात धावायचा आणि शॉट मारायचा. वर्षानुवर्षं तालीम करून ठेवलेला तो क्षण आला, तेव्हा आम्ही रस्त्यावर पार्किंगची पावती शोधत होतो.

या खेपेच्या आवाजाने साडूसुद्धा थांबले. मागे पळालो. काचेची दारं बंद. आमच्यासारखे आणखी कितीतरी शहाणे काचेवर थापा मारत होते. नियम असा की एकदा बाहेर गेलं की आत नाही. साडूंनी काचेला तिकीट लावलं. आतला पहारेकरी मान हलवेना. मग ड्रायव्हिंग लायसन लावलं. मग, देवाशपथ सांगतो, घराची किल्ली लावली.

"अहो, माझा चष्मा आत राहिला!" चष्मा नाकावर.

पहारेकऱ्याने स्वतःच्या नाकाला बोट लावून दाखवलं. साडूंनी चष्मा काढून खिशात घातला आणि पुन्हा दार वाजवलं.

शेजारच्या एका पोराच्या फोनवर ओव्हरटाइम, म्हणजे बरोबरीनंतरचा जादा वेळ, दिसत होता, पण चित्र मागे आणि स्टेडियम पुढे. आधी आतून आरोळी यायची, मग अर्ध्या मिनिटाने फोनवर बास्केट पडायची. दोन मिनिटं हे बघून साडू म्हणाले, "आता सगळे आत अडकलेत. गाडी काढायची हीच वेळ."

आणि मी गेलो. दुसऱ्यांदा. पार्किंग खरंच मोकळं होतं. "बघा!" साडू म्हणाले. बॉशने स्पर्सच्या डॅनी ग्रीनचा शेवटचा शॉट अडवला, हीट १०३-१०० ने जिंकले, हे मी गाडीतल्या रेडिओवर ऐकलं. दोन दिवसांनी हीटने सातवा सामनाही घेतला आणि करंडक मायामीतच राहिला. तो मी सोफ्यावरून पाहिला, शेवटपर्यंत.

मुंजीत एका चौकस पोराने फोनवर तो शॉट लावला, थांबवला आणि मोठा केला. "आजोबा, यात तुम्ही कुठे?"

मला वाटलं, आता सुटका. पण हीटचे प्रेक्षक प्लेऑफला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांना, झाडून पांढऱ्या टीशर्टात बसतात. साडूंनी शांतपणे एका पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा मी. आणि हे शेजारी तुझे काका. बघ कसे उभे राहून ओरडतायत."

पोरं माझ्याकडे आदराने बघायला लागली. एकाने विचारलं, "काका, खरंच?"

मी "हो" म्हणालो. काय करणार? तिकिटाचे पैसे कुठूनतरी वसूल व्हायला नकोत का?

मग पंगत बसली. मसालेभात झाला, मठ्ठा झाला आणि दारात गरम जिलब्यांचं ताट घेऊन वाढपी दिसला. शेजारी साडू हात झटकत उठले.

"चला, गाडी काढतो. नंतर अडकते."

कल्याणपर्यंत मी एक शब्द बोललो नाही.