विश्वासार्हतेचा पुरस्कार हवाय? मग तारांकडे बघू नका

वीज कंपनीला विश्वासार्हतेचा पुरस्कार मिळवून द्यायचा असेल, तर आधी लाइनमनला बाजूला बसवा आणि एक्सेलवाल्याला पुढे घ्या. खांबावर चढून आजवर कुणी ट्रॉफी खाली आणलेली नाही.

परीक्षक मुख्यतः दोन आकडे बघतात. सैफी म्हणजे सरासरी ग्राहकाची लाइट वर्षात किती वेळा गेली, आणि सैडी म्हणजे एकूण किती मिनिटं गेली. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या १३६६ क्रमांकाच्या मानकात एक मोठी सोय आहे: पाच मिनिटांच्या आत परत आलेली लाइट या दोन्हींत धरतच नाहीत. म्हणून उपकेंद्रातल्या ब्रेकरची तात्काळ ट्रिप चालू ठेवा. फांदी तारेला घासली की उपशाखेचा फ्यूज वितळायच्या आत ब्रेकर उडेल आणि लगेच परत लागेल. शंभर घरांची तासाभराची नोंद वाचली! बदल्यात अख्ख्या फीडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या मुख्य लाइनवरच्या, दोन हजार घरांत लाइट मिचकावली, कारखान्यातली मशीन थांबली, अर्धा माल भंगारात गेला. पण ते जातं मैफीच्या, म्हणजे क्षणभराचे खंड मोजणाऱ्या वेगळ्या आकड्याच्या, खात्यात. आणि कारखाना कितीही मोठा असो, मोजताना तो एकच ग्राहक.

घड्याळ कधी सुरू करायचं, हेही ठरवून ठेवा. फ्यूज उडाला तेव्हा नव्हे, पहिला फोन आला तेव्हा. रात्री अडीचला गेलेली लाइट सकाळी सहाला कळली, तर साडेतीन तास आयतेच वाचतात. स्मार्ट मीटर पुरवठा तुटताच स्वतःहून निरोप धाडतात. तो निरोप बिलिंगवाल्यांपाशीच अडकू द्या. खंड नोंदवणाऱ्या प्रणालीला जोडलात, तर एकही तार जास्त न तुटता सैडी वाढेल.

खरी मेजवानी मात्र वादळात असते. मागच्या पाच वर्षांची रोजची सैडी घ्या, तिचे नैसर्गिक लॉगॅरिदम काढा, त्यांच्या सरासरीत अडीच पट प्रमाण विचलन मिळवा आणि उत्तर परत मिनिटांत आणा. ही तुमची उंबरठ्याची रेषा. ज्या दिवसाची सैडी तिच्या वर गेली, तो 'मोठ्या घटनेचा दिवस', आणि तो नेहमीच्या हिशेबातून वेगळा काढला जातो. (मानक म्हणतं, त्या दिवसांचा स्वतंत्र अभ्यास करा. म्हणू दे.)

आता समजा ग्राहक २ लाख आणि रेषा ६ मिनिटांवर, म्हणजे १२ लाख ग्राहक-मिनिटं. संध्याकाळपर्यंत ११ लाख ४० हजार झाली आहेत. हा सगळ्यात वाईट दिवस: नुकसान वादळाचं, नोंद तुमच्या नावावर. अशा वेळी घाई कसली करता? हजार ग्राहकांचा एक फीडर आणखी एक तास पाच मिनिटं बंद राहू द्या. ६५ हजारांची भर पडली की अख्खा दिवस हिशेबाबाहेर. मध्यरात्र उलटली तरी चिंता नको, खंड ज्या दिवशी सुरू झाला त्याच दिवसाच्या खात्यावर पूर्ण मिनिटं पडतात.

केडी, म्हणजे सैडी भागिले सैफी, अर्थात एकदा गेलेली लाइट सरासरी किती वेळात परत येते, हाही आकडा अर्जात असेल, तर किरकोळ फॉल्ट चुकूनही कमी करू नका. वीस मिनिटांत उरकणारे फॉल्ट थांबवलेत, की उरतात ते फक्त लांबलेले आणि सरासरी चढते. चांगलं काम केल्याचा दंड तो हाच.

लवचिकतेच्या, म्हणजे वादळातून सावरण्याच्या, पुरस्काराला सर्वमान्य आकडाच नाही, त्यामुळे तिथे फोटो चालतो. पडलेला खांब, चिखलात रुतलेली बकेट गाडी, रेनकोटातली माणसं. 'एका दिवसात ९० टक्के ग्राहक पूर्ववत' हे वाक्य टाकाच. उपकेंद्राजवळचे दाट वस्तीचे फीडर आधी लावले, की ९० टक्के होतातच. उरलेले दहा टक्के लांबच्या टोकाला असतात, तिथवर फोटोग्राफर जात नाही.

आणि कुजके खांब बदलणं, फांद्या छाटणं यावर पैसा घालवू नका. न पडलेल्या खांबाचा फोटो कोण छापणार? छाटणी लांबवली, तर यंदाचा खर्च कमी दिसतो. फांद्या तारांपर्यंत पोचायला दोन-चार वर्षं लागतात. तोवर अर्जावर सही करणाऱ्या साहेबांना बढती मिळालेली असते, आणि त्या वर्षीच्या वादळाचा अर्ज नव्या साहेबांनी भरायचा असतो.