दुबईची स्पोर्ट्स कार नागपुरात अर्ध्या किमतीत येत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला धरमपेठेतल्या तिघांनी पाठवला. 'दुबईत वापरलेली स्पोर्ट्स कार ३० लाखांत मिळते. परदेशात राहिलेल्या नातेवाइकाच्या नावाने आणा, कस्टम ड्यूटी माफ. नाहीतर भेट म्हणून दाखवा. तेही जमत नसेल तर कार्नेवर (ड्यूटी न भरता गाडी तात्पुरती आणू देणाऱ्या कागदावर) आणा आणि मग इथला नंबर घ्या.' माझा भाचा तर टोकन द्यायला निघाला होता.

दुबईत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. आपलं आयात धोरण उजवीकडचं मागतं. गोष्ट इथेच संपते. इंग्लंड-जपानात उजवं स्टिअरिंग मिळतं, पण वापरलेली गाडी ३ वर्षांहून जुनी चालत नाही आणि ती मुंबई बंदरातच उतरवावी लागते.

'ड्यूटी माफ' हे सगळ्यात घातक. सलग २ वर्षं बाहेर राहून कायमचं परतणाऱ्याला, गाडी किमान वर्षभर त्याच्या ताब्यात असेल तर, ती आणता येते. ड्यूटी मात्र पूर्ण भरावी लागते. घरसामानाची सवलत गाडीला नाही. हिशेब मांडा: जहाजाचं भाडं-विमा धरून किंमत ३० लाख. वापरलेल्या गाडीवर एकूण १३७.५ टक्के ड्यूटी, म्हणजे ४१.२५ लाख. झाले ७१.२५ लाख. या सगळ्यावर ४० टक्के जीएसटी, २८.५ लाख. बंदरातून बाहेर पडतानाच ९९.७५ लाख! आरटीओचा रोड टॅक्स अजून बाकीच आहे.

'बिल कमी दाखवा' असाही सल्ला खाली जोडलेला आहे. तो ऐकू नका. कस्टम्स तुमच्या बिलावर विसंबत नाही. गाडी नवी असतानाची कंपनीची किंमत धरून तिमाहीनुसार घसारा वजा करते, पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के.

भेटीचं म्हणाल, तर सचिन तेंडुलकरला मिळालेली फेरारी आठवा. ड्यूटीमाफीवरून गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि अखेर २००३मध्ये ड्यूटी फियाटने, म्हणजे फेरारीच्या तेव्हाच्या मालक कंपनीने भरली. सचिनला जे पचलं नाही ते आपल्या मामेभावाच्या भेटीला कसं पचेल?

कार्ने हा पर्यटकाचा कागद आहे. सहा महिन्यांच्या आत गाडी देशाबाहेर परत न्यावी लागते. तिला एमएच-३१ नंबर देतो म्हणणारा माणूस बनावट कागदच देणार, आणि जप्ती येते ती गाडी ज्याच्या दारात उभी असेल त्याच्यावर. सप्टेंबर २०२५मध्ये केरळात भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांसाठी कस्टम्सने नामवंत अभिनेत्यांच्या घरांवरही छापे घातले.

समृद्धीवर अशी गाडी काढायची भाच्याची हौस मला कळते, म्हणूनच जीव तुटतो. त्याला विकणाऱ्याकडून बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे गाडीच्या आयातीच्या कस्टम्समधल्या कागदाची, प्रत मागायला लावली आहे. चार दिवस झाले, उत्तर नाही. टोकनचे पैसे अजून त्याच्याच खात्यात आहेत.