‘ज्याला गाडी चालवता येत नाही…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पिकअप ट्रकमधल्या स्वयंचलित आपत्कालीन ब्रेकवरच्या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावानं तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. ती मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशीही ती नाही. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: ज्याला गाडी चालवता येत नाही त्यालाच असलं यंत्र लागतं, हे ब्रेक नको तिथे लागतात आणि मागचा येऊन आदळतो, ट्रेलर जोडलेला असला की धोका आणखी वाढतो, बर्फ काढायचा नांगर पुढे लावला की सगळं बंद पडतं, डेट्रॉइटजवळ राहून मी गाडी कंपन्यांची भाटगिरी करतो, आणि पुण्यात हे एक दिवसही टिकणार नाही.

मतभेदाला माझी हरकत नाही. हरकत पहिल्या वाक्याला आहे. एका अनोळखी माणसाच्या लेखाखाली येऊन, टोपणनावाआडून, ‘तुम्हाला गाडी चालवता येत नाही’ असं सुनावायचं, ही कुठली रीत? समोरासमोर बसलो असतो तर हेच वाक्य याच शब्दांत बोलला असता का? मला नाही वाटत.

तुम्ही विषय काढलाच आहे तर ऐका. माझे वडील एसटीत चालक होते. कोल्हापूर–रत्नागिरी, म्हणजे आंबा घाट, पावसाळ्यात धुक्यात, रात्रपाळीला. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा केली म्हणून त्यांचा बिल्ला देऊन सत्कार झाला. तो बिल्ला आजही घरी आहे. मी स्टिअरिंग धरायला त्यांच्याकडे शिकलो. इथे मिशिगनमध्ये माझा व्यवसाय हॉटेलांचे फ्रीज आणि वॉक-इन कूलर दुरुस्त करण्याचा. ट्रक आणि त्यामागे हत्यारांचा ट्रेलर, हेच माझं दुकान. थंडीत, बर्फात, पहाटे, हॉटेल उघडण्याआधी पोचावं लागतं. तेव्हा गाडी चालवणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये.

आणि हेच वडील निवृत्तीनंतर इथे आले, माझ्या शेजारी बसले, समोरच्या काचेखाली लाल दिवे लागून इशारा वाजला तेव्हा त्यांनी काय केलं? नाक मुरडलं नाही. एवढंच विचारलं: ‘रात्री याला माणूस दिसतो का?’ ज्यानं आयुष्य ड्रायव्हरच्या सीटवर काढलं त्याला पहिला प्रश्न हा पडला. तुम्हाला पडला नाही.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर लेखात होतं. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं, आयआयएचएसनं, २०२२ मध्ये तपासलं तेव्हा पादचारी ओळखणाऱ्या ब्रेकमुळे पादचाऱ्यांना धडकण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी दिसलं. पण रस्त्यावर दिवे नसलेल्या काळोखात काहीच फरक दिसला नाही. मी हे लपवलं नाही. उलट, म्हणूनच एप्रिल २०२४ चा सरकारी नियम मला महत्त्वाचा वाटतो हे ठळक अक्षरांत लिहिलं. त्या नियमानुसार सप्टेंबर २०२९ पर्यंत प्रत्येक नव्या कारमध्ये आणि हलक्या ट्रकमध्ये असा ब्रेक हवा, ताशी ६२ मैलांपर्यंतच्या वेगात पुढच्या गाडीला स्पर्शही न होता थांबता यायला हवं, आणि माणूस दिवसा तसा रात्रीही ओळखता यायला हवा. ज्या देशात वर्षाला सात हजारांहून अधिक पादचारी मरतात, आणि त्यातले बहुतेक अंधारात, तिथे याला ‘नवशिक्यांचं खेळणं’ म्हणायला जीभ कशी रेटते?

आता लेखात सांगितलेला, डेट्रॉइटकडच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू या मोठ्या रस्त्यावरचा तो प्रसंग, ज्यावरून तुम्ही मला ‘झोपाळू’ म्हणालात. पुढची गाडी मधल्या दुभाजकातून वळायला अचानक थांबली. त्या क्षणी मी आरशात ट्रेलर बघत होतो. ट्रेलर ओढणाऱ्यानं आरशात बघायचंच असतं; न बघणारा वाईट ड्रायव्हर. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट, त्यामुळे महामार्गावर दीड सेकंद नजर मागे राहिली की १३२ फूट अंतर गेलं. वुडवर्डवर वेग त्याहून कमी होता, तरी नजर पुढे येईपर्यंत ट्रकनं ब्रेक दाबायला सुरुवात केली होती, उरलेलं मी दाबलं. यात झोप कुठे आली? माणसाचे डोळे एका वेळी एकाच दिशेला बघतात. पुढच्या जाळीमागचा रडार आणि आतल्या आरशामागचा कॅमेरा सतत पुढेच बघतात. कौशल्याचा प्रश्नच नाही. माझे वडीलही एका वेळी दोन दिशांना बघू शकत नव्हते.

शिवाय ट्रकच्या बाबतीत चूक झाली तर तिची किंमत ट्रकवाला मोजत नाही. आयआयएचएसचाच २०२३ चा अभ्यास सांगतो की ज्यांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून जास्त, अशा गाड्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. माझ्या ट्रकचं नाक लहान मुलाच्या डोक्याच्या वर येतं. रोज तो चालवताना मला हे आठवतं. ‘मला येतं चालवता’ हा अभिमान त्या मुलाच्या काय कामाचा?

भाटगिरीबद्दल. हे वाचून खरोखर वाईट वाटलं, कारण वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. २०१६ मध्ये वीस कंपन्यांनी हे ब्रेक स्वेच्छेनं देण्याचं कबूल केलं, पण त्यात हलक्या गाड्यांची मुदत २०२२ ची आणि जड पिकअपना आणखी तीन वर्षं सवलत. २०२४ चा सक्तीचा नियम आला तेव्हा कंपन्यांची संघटना जानेवारी २०२५ मध्ये त्याविरुद्ध न्यायालयात गेली. मी त्या नियमाच्या बाजूनं लिहितोय. मग मी कुणाचा भाट? मी कुठल्याही गाडी कंपनीत कधी नोकरी केलेली नाही. ट्रकचे हप्ते माझे मीच भरतो.

नांगराचा मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे, आणि तो मी मोकळेपणानं मान्य करतो. पुढे नांगर लावला की रडारला समोरचं दिसत नाही, सेन्सर झाकला गेल्याचा संदेश येतो आणि ब्रेकची ही सोय त्या वेळेपुरती जाते. चिखल-बर्फाचा थर साचला तरी तेच. पुढे जाड लोखंडी गार्ड बसवणाऱ्यांनी किंवा ट्रक उंच करून घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं, कारण सेन्सरची दिशाच बदलते. समोरची काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नेमकी दिशा जुळवणं, पुन्हा करून घ्यावं लागतं, त्याचे पैसे वेगळे. ठीक आहे. हा खर्च आहे.

उगाच लागणाऱ्या ब्रेकबद्दल तुम्ही बराच मोठा परिच्छेद लिहिलाय. असं होतं. माझ्या ट्रकनंही केलंय: पुलाच्या दुरुस्तीसाठी रस्त्यावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यावर, आणि एकदा वळणावर कडेला उभ्या ट्रककडे बघून. कंपनीचं नाव घेत नाही. दचकायला झालं, मागच्यानं हॉर्न दिला, विषय संपला. बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की हा ब्रेक सुटतो. मागचा आदळत असेल तर तो फार चिकटून चालत होता. आणि एकूण हिशेब काय सांगतो? आयआयएचएसनं पिकअपचाच वेगळा अभ्यास केला, त्यात हा ब्रेक असलेल्या पिकअपनी पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी निघालं. तुमच्या मेहुण्याला काय अनुभव आला हे तुम्ही सविस्तर लिहिलंत. तो अनुभव खराच असेल, पण एका मेहुण्याच्या अनुभवानं हा आकडा पुसला जात नाही.

ट्रेलरचं: माझ्या ट्रकमध्ये ब्रेक लागले की ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेकही सोबत लागतात. त्या ब्रेकच्या कंट्रोलरवर वजनाप्रमाणे जोर ठरवून घ्यायचं काम ड्रायव्हरचं. ते न करता ट्रेलर दुमडला तर दोष रडारचा नाही. यावर आणखी लिहिण्यासारखं आहे, पण ज्या सुरात तुम्ही विचारलंत त्या सुराला आज इतकंच.

पुण्याच्या रस्त्यांबद्दल माझ्या लेखात अक्षरही नव्हतं, त्यामुळे त्याचं उत्तर मी देणं लागत नाही. तुम्ही तिथे रोज गाडी चालवत असाल तर त्यावर तुम्हीच लिहा. मी वाचेन, आणि प्रतिक्रिया माझ्या स्वतःच्या नावानं देईन.