गाणं चालू असताना ती बाई मध्ये का बोलतेय?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटला, क्रिकेटच्या मराठी कॉमेंट्रीचा. मिरजेहून मामांनी लिहिलं की मॅच मराठीत लावलीय पण ह्यांना खेळातलं सांगायचं नाहीये, नुसते हिंदीतले जोक मराठीत करून सांगतात, त्यावर पुण्याचा मावसभाऊ उसळला की मामा, आपल्या भाषेत कॉमेंट्री आली हेच खूप झालं, आता त्यात खोड काढू नका, मग तिसरं कुणीतरी म्हणालं की इंग्लिशवाले तरी कुठे आपल्या प्लेअर्सबद्दल चांगलं बोलतात, आणि मग काय, शंभरेक मेसेज. मी इथे टोरोंटोजवळ, दुपारी जेवायच्या सुट्टीत ते सगळे वाचले. दोनदा काहीतरी टाइप केलं आणि पुसलं, कारण मला जे म्हणायचंय ते दोन ओळींत मावत नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला क्रिकेट बघून सुचलेलंच नाही, फिगर स्केटिंग बघून सुचलंय.

मुलगी सहा वर्षांची असताना तिला इथल्या सरकारी रिंकवर स्केटिंग शिकवणाऱ्या कॅनस्केटच्या क्लासला घातलं. पहिल्यांदा पडायचं कसं आणि उठायचं कसं तेच शिकवतात. मी काचेपाशी चहाचा थर्मास घेऊन बसायची, बाजूला चिनी, कोरियन, रशियन, इथल्या सगळ्या आया, आणि त्या बायका टीव्हीवरच्या कॉमेंटेटर्सबद्दल इतक्या तावातावाने बोलायच्या की मला थेट आमचं मिरजेचं घर आठवायचं. कोण गाण्यावर बोललं, कुणी आपल्या देशाच्या पोरीची चूक झाकली, कुणाला लट्झ आणि फ्लिप ह्या दोन उड्यांमधला फरक दिसला नाही. हा फरक मला त्यांनीच शिकवला. लट्झची उडी ब्लेडच्या बाहेरच्या कडेवरून घ्यायची, फ्लिपची आतल्या. बऱ्याच जणींचा पाय उडी घ्यायच्या अगदी शेवटच्या क्षणी आत झुकतो, की झाला लट्झचा फ्लिप. कॉमेंटेटर सुंदर म्हणून मोकळा होतो आणि नंतर मार्कांच्या कागदावर त्या उडीपुढे चुकीच्या कडेची खूण असते, मग घरी बघणाऱ्याला वाटतं की आपल्या पोरीवर अन्याय झाला. निम्मे वाद इथून सुरू होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. क्रिकेटमध्ये दोन बॉलच्या मध्ये जागा असते, कॉमेंट्री त्या जागेत जगते. स्केटिंगमध्ये प्रत्येकजण दोनदा उतरतो, आधी शॉर्ट प्रोग्रॅम २ मिनिटं ४० सेकंदांचा, मग फ्री प्रोग्रॅम चार मिनिटांचा, आणि सगळं सलग, गाण्याबरोबर. त्यामुळे इथला सगळ्यात मोठा वाद हाच की चालू असताना बोलायचं किती. अमेरिकेच्या एनबीसी चॅनलवर तारा लिपिन्स्की आणि जॉनी वियर हे दोघं जुने स्केटर २०१४ च्या सोची ऑलिम्पिकपासून जोडीने बोलतात. तारा स्वतः १९९८ ची नागानोची चॅम्पियन, वय तेव्हा पंधरा, त्यामुळे उडीच्या आधीच तिला कळतं की ही पडणार, आणि ती ते सांगूनही टाकते. काहींना ती दोघं प्रचंड आवडतात, काही जण त्यांचा आवाज लागला की म्यूट करतात. उलट ज्युनियर ग्रँड प्री ह्या लहान स्केटर्सच्या स्पर्धांच्या स्ट्रीमवर टेड बार्टन हे कॅनडाचे गृहस्थ बोलायचे, ते चौदा वर्षांचं पोरगं पडलं तरी नेमकं काय चुकलं ते इतक्या मायेने सांगायचे की त्या पोराच्या आईलाही वाईट वाटलं नसतं. मी हा खेळ त्यांच्याकडून शिकले असं म्हटलं तरी चालेल.

मध्यंतरी आई आली होती सहा महिने. तिने बर्फावरचा खेळ आयुष्यात बघितला नव्हता, पण मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं ना, तिथे रात्र रात्र बसलेली बाई आहे ती. मी एक फ्री प्रोग्रॅम लावला. पहिलं मिनिट ती गप्प बसली, मग म्हणाली, "अगं, ती पोरगी गाण्यावर करतेय ना सगळं? मग गाणं चालू असताना ही बाई मध्ये का बोलतेय? झाल्यावर सांग म्हणावं काय ते. वाहवा समेवर म्हणतात, तानेच्या मध्ये नाही." मी म्हटलं आई, तिला उड्यांची नावं सांगावी लागतात लोकांना. त्यावर आई म्हणे नावं सांग ना, पण एवढी घाई कसली. रिंकवरच्या बायका इतकी वर्षं ज्यावर भांडत होत्या ते आईने एका वाक्यात सांगून टाकलं.

आणि गप्प बसणं म्हणजे काय ते २०२२ ला बीजिंगमध्ये दिसलं. कमिला वालियेवा, पंधरा वर्षांची रशियन मुलगी, डिसेंबरमधल्या डोपिंग टेस्टचा पॉझिटिव्ह निकाल ऑलिम्पिक चालू असताना बाहेर आला आणि तरीही तिला खेळू दिलं. एरवी बोलत सुटणारे तारा आणि जॉनी तिच्या शॉर्ट प्रोग्रॅमला जवळजवळ काहीच बोलले नाहीत. कौतुक तर नाहीच. शेवटी जॉनी एवढंच म्हणाला की हा वालियेवाचा ऑलिम्पिकमधला शॉर्ट प्रोग्रॅम होता. काही लोक म्हणाले एका लहान मुलीशी असं वागणं क्रूरपणा आहे, काही म्हणाले हेच बरोबर. मला आजही वाटतं की त्यांनी बरोबर केलं, राग मुलीवर काढला नाही आणि खोटं कौतुकही केलं नाही, हे त्या क्षणी जमवणं फार अवघड होतं.

पण इथले सगळे शहाणे आणि आपल्याकडचे वेडे असं अजिबात नाहीये हां. २००२ चं सॉल्ट लेक सिटी इथल्या जुन्या लोकांना विचारा. जोड्यांच्या स्पर्धेत कॅनडाचे जेमी साले आणि डेव्हिड पेल्टिए एकही चूक न करता खेळले, रशियाच्या सिखारुलिद्झेचा एका उडीत पाय जरासा सुटला, आणि गोल्ड रशियाला. एनबीसीच्या टेबलावर स्कॉट हॅमिल्टन आणि सँड्रा बेझिक, त्यात सँड्रा स्वतः कॅनडाची, दोघांचा संताप थेट टीव्हीवर सगळ्यांनी ऐकला. पुढे फ्रेंच जजवर दबाव होता ते बाहेर आलं, कॅनडालाही गोल्ड दिलं, ६.० पैकी मार्क द्यायची जुनी पद्धतच नंतर मोडीत निघाली. तरी आमच्या रिंकवरची रशियन आजी अजून म्हणते की कॉमेंटेटर्सनी आग लावली, रशियन जोडीही तितकीच चांगली खेळली होती, ते कुणी ऐकवलंच नाही. आणि तिचं अगदीच चूक आहे असं मला म्हणता येत नाही. सोचीला कोरियाच्या युना किमचं गोल्ड हुकलं तेव्हा कोरियात दहा लाखांहून जास्त लोकांनी ऑनलाइन पिटिशनवर सह्या केल्या. आपला तो आपलाच, हे सगळीकडे आहे.

फरक मला दिसतो तो वेगळाच. इथे कॉमेंटेटरवर तुटून पडतात ते त्याला चूक दिसली नाही म्हणून, किंवा नको तिथे बोलला म्हणून. अमेरिकेचे डिक बटन म्हणून होते, १९४८ आणि १९५२ चे ऑलिम्पिक चॅम्पियन, २०२५ च्या जानेवारीत गेले, पंचाण्णव वर्षांचे होऊन. एबीसी चॅनलवर कित्येक दशकं बोलले आणि स्वतःच्या देशाच्या पोरांनाही तोंडावर सुनवायचे, लोक चिडायचे आणि तरी त्यांचंच ऐकायचे. आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न हा की तू आपल्या बाजूचा आहेस की नाही. २०१६ ला बच्चनसाहेबांनी ट्वीट केलं की भारतीय कॉमेंटेटरने आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं, धोनीने ते पुढे पाठवलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत हर्षा भोगले आयपीएलच्या पॅनेलवर नव्हते. २०१९ ला मांजरेकर जडेजाला 'बिट्स अँड पीसेस' खेळाडू म्हणाले ते चुकलं, वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला जडेजाने ७७ केल्यावर त्यांनी स्वतःच ते कबूल केलं, इतकं सरळ मिटलेलं प्रकरण, पण पुढच्याच वर्षी बोर्डाच्या पॅनेलमधून त्यांचंही नाव गेलं. कारणं बोर्डाने कधी नीट सांगितली नाहीत, म्हणून मी तर्क करत नाही. पण माईकसमोर बसणाऱ्या पुढच्या माणसाने ह्यातून काय शिकायचं ते शिकलाच असेल ना.

हितसंबंध इथेही आहेतच. टोरोंटोत एक जुना क्लब आहे, नावच क्रिकेट, स्केटिंग अँड कर्लिंग क्लब, पहिल्यांदा नाव वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की क्रिकेट आधी आहे! युना किम, जपानचा युझुरु हान्यू तिथे कोच ब्रायन ऑर्सरकडे शिकले, आणि तिथल्याच कोच ट्रेसी विल्सन टीव्हीवर कॉमेंट्रीही करायच्या. म्हणजे सकाळी ज्याला शिकवायचं त्याच्याबद्दल संध्याकाळी बोलायचं. पण हे सगळ्यांना माहीत असतं, लपवलेलं नसतं, त्यामुळे ऐकणारा आपला हिशोब आपण करतो.

२०२४ ला मुलीला घेऊन मॉन्ट्रियलला वर्ल्ड चॅम्पियनशिपला गेले होते. स्टेडियममध्ये कॉमेंट्री नसते हे माझ्या डोक्यातच नव्हतं. जपानची काओरी साकामोतो बर्फावर उतरली, आणि पहिल्यांदा मला ब्लेडचा आवाज ऐकू आला, खर्र करून लांब कड घेतल्याचा, उडीच्या आधी एकदम बंद होणारा आणि उतरल्यावर परत सुरू होणारा. टीव्हीवर इतकी वर्षं तो आवाज कुणाच्या तरी बोलण्याखाली दबलेला होता. त्या वर्षी ती सलग तिसऱ्यांदा जिंकली, साठच्या दशकातल्या अमेरिकेच्या पेगी फ्लेमिंगनंतर पहिलीच. मुलगी माझा हात घट्ट धरून बसली होती, उडी झाली की सोडायची आणि पुढच्या उडीला परत धरायची.

तर मराठी कॉमेंट्री. ती हवीच, ह्यात मावसभावाशी माझा वादच नाही, परदेशात राहून तर मला ती जास्तच हवीये. पण आईला ॲक्सल नावाची उडी समजावताना मला कळलं की भाषा अडत नाही, सांगणाऱ्याला गोष्ट माहीत असली पाहिजे. मी सांगितलं, बाकी सगळ्या उड्या पाठमोऱ्या घेतात, ही एकटीच समोर तोंड करून घेतात, म्हणून हिला अर्धी गिरकी जास्त. आईला लगेच कळलं, पुढच्या वेळी माझ्या आधी तीच ओरडली, "समोर तोंड, समोर तोंड!" मामा तर रेडिओवर बाळ पंडितांची कॉमेंट्री ऐकत मोठे झालेत, मैदान न बघता त्यांना फिल्डर कुठे उभा आहे ते दिसायचं, असं ते अजून सांगतात, आणि अशा माणसाला आम्ही सांगतोय की मराठीत आहे ना, मग गप्प ऐका.

शेवटी ग्रुपवर मी मामांना एवढंच लिहिलं की मामा, तुम्ही खोड काढत राहा, आणि जमलं तर त्या चॅनलवाल्यांनाच लिहा. संध्याकाळी त्यांचा फोन आला, पत्ता कुठला लिहू म्हणून.