अनारसा हसला

नाताळच्या फराळाला नातवंडांची मदत घ्यावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा जालन्याला येऊन आमच्या स्वयंपाकघराची फरशी बघावी. चप्पल घालून यावं, पाय चिकटतात.

अनारशाचे तांदूळ मी 12 डिसेंबरलाच भिजत घातले होते. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत पसरून दमट असतानाच दळायचे. किलोभर तांदळाला पाऊण किलो गूळ. प्रमाण सासूबाईंचं. त्या बेथेलच्या, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेल्या गावच्या. गूळ जरा जास्त झाला की त्या बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, तरी गूळ तोलताना मी अजून मागे वळून बघते.

गोळा आठवडाभर डब्यात मुरला. 21 ला पुण्याहून तीन नातवंडं आली. सून म्हणाली, "आई, त्यांना मदतीला घ्या, मोबाईल तरी सुटेल." मोबाईल सुटला नाही. थोरलीने त्यावर जिंजरब्रेडचा माणूस काढून दाखवला. म्हटलं, सुंठ घालून माणूस करण्याइतकी सर्दी आपल्या घरात कुणाला नाही.

22 ला रात्री कॅरलवाले यायचे होते. म्हणजे पेटी, ढोलकी, झांजा आणि पाळकसाहेबांसकट चाळीस तोंडं. त्यामुळे सकाळी सातलाच कढई चढवली. आमचे हे चांदणी टांगायला म्हणून गच्चीवर गेले ते दुपारी जेवायलाच खाली आले. एका बल्बला पाच तास लागतात, हे मला चाळीस वर्षांच्या संसारात दर नाताळला नव्याने कळतं.

शंकरपाळ्यांना थोरलीने चौकोनी आकार नाकारला. "आजी, ख्रिसमसला स्टारच हवेत." कातणाने तिने पाच-पाच टोकांच्या चांदण्या कापल्या. तळताना टोकं जळाली, पोटं कच्ची राहिली. (नाव शंकराचं, सण येशूचा, आकार चांदणीचा, तक्रार फक्त माझ्या दातांची.) करंज्यांचं लवकर उरकलं, कारण मी पारी लाटेपर्यंत धाकट्याने सारण संपवलं होतं.

मग अनारसे. गोळी खसखशीवर थापली, खसखशीची बाजू वर ठेवून हलकेच तुपात सोडली. अनारसा जरा फुगला, जाळी पडली, आणि बघता बघता पसरून तुपात विरघळला. दुसराही तसाच. तिसरा तर कढईत पडायच्या आधीच पसरायला लागला.

"हसला मेला!" मी म्हटलं.

तिघंही कढईत डोकावले. "आजी, कुठे हसला?"

अनारसा विरघळला की त्याला हसला म्हणतात, हे समजावून सांगितलं. मधला गंभीर झाला. "पण आजी, त्याला कशाचं हसू आलं?"

चौकशी बसली. धाकट्याने आदल्या रात्री डब्यातला गोळा चाखून "गोड कमी आहे" असा निकाल दिला होता आणि मधल्याने त्यावर गुळाची ढेप किसली होती.

"कामून किसलास रे?"

"मदत म्हणून."

मी मागे वळून बघितलं.

यावर उपाय एकच, वरून कोरडी पिठी मळायची. अशा प्रसंगासाठी मी तिची वाटीभर पुडी बाजूला काढून ठेवलेली असते. फडताळ उघडलं, तर पुडी गायब. तिघंही बाहेरच्या खोलीतल्या गोठ्याकडे बघायला लागले. योसेफ, मरिया, मेंढपाळ, मातीचा उंट आणि गोठ्याच्या छपरावर पांढराशुभ्र बर्फ.

"आजी, ख्रिसमसला स्नो लागतो ना."

अरे, कापसाच्या मुलखात राहतो आपण! आमच्या लहानपणापासून जालन्यात बर्फ पडला तो कापसाचाच. पोतंभर कापूस घरात असताना या पुणेकरांना पिठीच सापडावी?

चमचा घेऊन मी गोठ्यापुढे मांडी घातली आणि बेथलेहेमचा बर्फ खरवडायला बसले. छपरावरचा मिळाला. उंटाच्या पाठीवरचा झटकून घेतला. बाळ येशूच्या अंगावरचा मात्र राहू दिला, थंडी होती. चाळून मळला, पुन्हा थापलं. सगळे नाही, पण सव्वीस अनारसे शहाण्यासारखे तळून निघाले. एकात गवताची काडी निघाली. तो मी ह्यांना वाढला.

रात्री साडेदहाला कॅरलवाले आले. जळक्या चांदण्या, रिकाम्या करंज्यांच्या खुसखुशीत पुऱ्या आणि अर्धा-अर्धा अनारसा, असा फराळ निघाला. जाताना पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आजारी माणसांसाठी झाली, परीक्षेच्या मुलांसाठी झाली, पावसासाठी झाली. शेवटी आवाज चढवून ते म्हणाले, "आणि हे प्रभो, या घरातलं हसू असंच कायम राहू दे!"

सगळ्यांनी आमेन म्हणायच्या आत धाकटा डोळे घट्ट मिटून ओरडला, "अनारशांचं सोडून!"